परदेशात कामी आलेला गावचा जवान: त्याची आठवण कशी जपावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतले आम्ही काही माजी सैनिक, शिक्षक आणि शेजारीपाजारी. देशाबाहेर तैनात असताना ज्यांना मरण आलं, अशा जवानांच्या नोंदी आम्ही गोळा करतो. घरची माणसं, पंचायतीचे पंच आणि शाळेचे मास्तर आम्हाला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

परदेशात कामी आलेले जवान म्हणजे नेमके कोण?

जवान गेला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सियाचीन नाहीतर कारगिल येतं. पण कितीतरी पोरं समुद्रापलीकडे गेली. श्रीलंकेशी २९ जुलै १९८७ रोजी करार झाला आणि भारतीय शांतिसेना तिथे उतरली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली, तोवर ११०० हून अधिक जवान कामी आले होते. श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफना शहराच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती, महार रेजिमेंटची आठवी पलटण होती. याच आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

दुसरे, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांत गेलेले. काँगो, सोमालिया, दक्षिण सुदान, लेबनॉन अशा ठिकाणी आजवर भारताचे जवळपास १८० जण कामी आले. इतर कुठल्याही देशाने या कामात इतकी माणसं गमावलेली नाहीत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे त्यांच्यातलं सर्वांत मोठं नाव. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिल इथे विमानतळाकडे जाणारा रस्ता अडवून बसलेल्या सुमारे ९० जणांवर ते १६ गोरखा जवानांना घेऊन तुटून पडले. वय २६. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव शांतिसैनिक. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ डिसेंबरला, आपला गोवा मुक्त झाला. गोव्यात मुक्तिदिनाच्या भाषणांत या माणसाचं नाव घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या महिन्यात भारतीय जवान दोन खंडांत लढत होता, हे मुलांना कळायला हवं.

तिसरे, दोन्ही महायुद्धांत गेलेले. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

घरात एक फोटो आणि तार, एवढंच उरलंय. सुरुवात कुठून करू?

ट्रंकेपासून करा. फौजी माणसाच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने त्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असतं. रंग उडाला असेल तर ट्रंक उन्हात तिरपी धरून बघा, अक्षरांचे उंचवटे दिसतात. हा नंबर हाती लागला की अर्धं काम झालं, कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे चार चार जण असतात, नंबर मात्र एकाचाच असतो.

मग पत्रं. अंतर्देशीय पत्रावर पत्ता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा असेल. हे लष्कराच्या टपालखात्याचे क्रमांक, त्यावरून जागा कळत नाही आणि कळू नये म्हणूनच ते असतात. पण त्यासोबत पलटणीचं नाव असतं, ते टिपून घ्या.

हे हाती आलं की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात आहे, म्हणजे चोर्ला घाट चढलं की झालं. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंत्यांचं) पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. अर्जावर सही नात्यातल्या माणसाची हवी. पणजीत राज्याचं सैनिक कल्याण खातं आहे, तिथले लोक अर्ज कसा लिहायचा ते सांगतात. उत्तराला वेळ लागतो. धीर सोडू नका, दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरात ठेवा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नको.

दिल्लीच्या स्मारकावर त्याचं नाव आहे का?

स्वातंत्र्यानंतरचा असेल तर असायलाच हवं. इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं, तेव्हा तिथे २५,९४२ नावं होती. त्याग चक्र म्हणून जी वर्तुळाकार भिंतींची रांग आहे, तिथे ग्रॅनाइटवर नाव कोरलेलं सापडेल. श्रीलंकेत गेलेले आणि शांतिमोहिमेत गेलेलेही त्यात आहेत. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंग कारकुनांनी वाट्टेल तशी केलेली असतात, म्हणून गावकर, गांवकर, नाईक, नायक अशी सगळी रूपं घालून बघा.

तिथे रोज संध्याकाळी एका जवानाच्या घरच्या माणसांच्या हातून पुष्पचक्र वाहण्याचा कार्यक्रम होतो. दिल्लीला जाणं जमत असेल तर आधी कळवून जा.

आमचे पणजोबा महायुद्धात गेले. पण गोवा तर पोर्तुगीजांकडे होता. मग त्यांची नोंद कुठे मिळेल?

पोर्तुगीज अमलातूनही माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला, बेळगावला जात आणि तिथून ब्रिटिश हिंदी फौजेत भरती होत. त्यामुळे नोंदीत पत्ता मुंबईचा, बेळगावचा किंवा सावंतवाडीचा असू शकतो. गोवा शोधत बसू नका, वडिलांचं नाव आणि मूळ गाव शोधा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळते. तिच्या नोंदी फुकट बघता येतात. फ्रान्समध्ये नव शापेल इथे ४७०० हून अधिक हिंदी जवानांची नावं कोरलेली आहेत. म्यानमारमध्ये रंगून मेमोरियलवर जवळपास २७,००० नावं आहेत आणि त्यांत हिंदी जवानांचा भरणा फार मोठा आहे.

इराकमधल्या बसरा मेमोरियलची गोष्ट मात्र काळीज पिळवटणारी. मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात कूट या गावाला पडलेल्या वेढ्यात सापडल्या, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. बसराच्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं गेलं. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या लिहिली, अमुक इतके. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. तुमचे पणजोबा त्या आकड्यात असतील, तर त्यांचं नाव गावच्या पाटीवर पहिल्यांदा तुम्हीच लिहिणार आहात.

या सगळ्यांत मला नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे फार जवळचे वाटतात. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचा हा पोरगा, मराठा लाइट इन्फंट्रीचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि तो सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा पुढे धावला, हातबाँब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना आडवं केलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर मात्र सापडली नाही, म्हणून नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी आपल्या कोकणातल्या मुलाची आठवण अशी ठेवली. आपल्या वाड्यावरच्या मुलासाठी आपणही काही करायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

त्याच्या आईशी काय बोलायचं? फार अवघडल्यासारखं होतं.

अवघडणारच. तरी जा. श्रीलंकेत गेलेल्यांच्या माता आता ऐंशीच्या आसपास आहेत, काही नव्वदीला टेकल्या आहेत. पुढच्या वर्षी जाऊ म्हणून थांबू नका.

"कसा गेला हो तो?" हा प्रश्न कधीच पहिला नको. तिला ते नीट कोणी सांगितलेलंच नसतं. लहानपणी कसा होता, काय खायचा, देवळात कुठे बसायचा, पोहायला कुठल्या तळीत जायचा, हे विचारा. डिचोलीकडच्या एका घरी आम्ही बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, तासभर नुसते बसून होतो. मग काकी, म्हणजे त्याची आई, आत गेल्या आणि हरिपाठाच्या पोथीतून त्याचं शेवटचं पत्र घेऊन आल्या. घड्यांवर कागद फाटलेला, शाई तपकिरी पडलेली. भातकापणीला माणसं मिळाली का, बाबांना एकट्याने ओझी उचलू देऊ नका, धाकट्याने गणिताकडे लक्ष द्यावं, असं सगळं घरचंच. लढाईचा एक शब्द नाही. वरच्या ५६ एपीओकडे बोट दाखवून काकींनी आम्हाला विचारलं, हे गाव कुठे असतं? इतकी वर्षं त्या त्याला गावच समजत होत्या आणि तिथे जायला मिळालं असतं तर बरं झालं असतं असं म्हणत होत्या. आम्ही नकाशा उघडून जाफना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून रामेश्वर कुठे, समुद्र केवढा, हे विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फार लांब नव्हता."

असं काही ऐकलंत तर त्याच रात्री वहीत लिहून काढा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि नको म्हटलं तर नको.

दोन गोष्टी मात्र टाळा. "तुम्ही भाग्यवान, देशासाठी मुलगा दिलात" हे तिच्या तोंडावर बोलू नका. तिला तसं वाटत असेल तर ती स्वतः म्हणेल. आणि सत्काराच्या नावाखाली तिला उन्हात तास तास बसवू नका. पाहुण्यांची गाडी येईपर्यंत वीरमाता ताटकळते आहे, हे दृश्य मी पाहिलंय आणि मला त्याची चीड येते.

मृतदेह घरी आलाच नाही. घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

कारगिलच्या आधी पार्थिव घरी पाठवण्याची पद्धत सरसकट नव्हती. बहुतेकांचे अंत्यसंस्कार त्यांच्या साथीदारांनी तिथेच केले. घरी आल्या त्या अस्थी, ट्रंक आणि घड्याळ. ज्यांना तोंडही बघायला मिळालं नाही, त्यांनी दाराशी पाऊल वाजलं की दचकणं स्वाभाविक आहे, त्यांना समजावत बसू नका.

अशा घरांना सर्वांत मोठा दिलासा मिळतो तो त्याच्या पलटणीतल्या माणसाकडून. "मी तिथे होतो, आम्ही त्याला नीट पोचवलं," हे वाक्य दुसरं कोणी बोलू शकत नाही. रेजिमेंटच्या माजी सैनिकांचे मेळावे होतात, बेळगावला तर हमखास. तिथे त्याच काळातले सुभेदार, हवालदार भेटतात. शोधा आणि त्यांना घरी घेऊन या.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुर कोट्टे इथे शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक आहे, त्यावर नावं कोरलेली आहेत. घरचं कोणी जाणार असेल तर नावावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेऊन या. आईच्या हातात द्यायला त्याहून चांगली वस्तू नाही.

पुण्यतिथीचा कार्यक्रम कसा करावा?

आधी घरच्यांना विचारा. श्राद्ध तिथीने होतं, ते त्यांचं घरचं, त्यात गावाने शिरू नये. गावाचा कार्यक्रम तारखेला करा. ख्रिस्ती घर असेल तर मिस (चर्चमधली प्रार्थना) आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्यांच्यासाठी मोठा, तेव्हा कबरीवर मेणबत्ती लावायला आपण सगळ्यांनी जावं.

कार्यक्रम अर्ध्या तासाचा पुरे. फोटोला हार, दोन मिनिटांची स्तब्धता, त्याच्याबद्दल त्याच्या वर्गमित्राने पाच मिनिटं बोलणं, आणि त्याला आवडणारा एखादा अभंग. आपल्या गावात भजनी मंडळ असतंच. पखवाजावर हात असलेला मुलगा सैन्यात गेला असेल, तर त्या दिवशी पखवाज वाजलाच पाहिजे. देशभक्तीची सिनेमाची गाणी कर्ण्यावर लावू नका. बॅनरवर त्याचा फोटो मोठा हवा, बाकी कोणाचाही फोटो नको. कोण पुढारी नाराज होतो ते होऊ दे.

जाफनाची लढाई ऑक्टोबर १९८७ मध्ये पेटली आणि त्या साली दिवाळीही ऑक्टोबरातच होती. म्हणजे काही घरांची पुण्यतिथी नेमकी नरकासुराचे पुतळे मिरवण्याच्या धामधुमीत येते. रात्रभर ढणाढण संगीत चालू आणि त्या एका घरात अंधार. आमच्याकडच्या एका वाड्यावरच्या पोरांनी आपणहून ठरवलं की त्या घरासमोरून जाताना संगीत बंद करायचं आणि नरकासुर शांतपणे पुढे न्यायचा. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. ही पोरं त्या जवानाच्या मरणानंतर जन्मलेली.

स्मारक उभारायचं आहे. परवानगी, दगड, मजकूर?

जागा कोणाची ते आधी बघा. कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था), देवस्थानची की पंचायतीची, यावर सगळं अडतं. ग्रामसभेत ठराव घ्या आणि कुटुंबाची लेखी संमती त्याला जोडा.

चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चौथरा चालेल, पण नाव चिऱ्यावर कोरू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि चार पावसाळ्यांत अक्षर वाचता येत नाही. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरून घ्या. नुसता रंग भरलेली अक्षरं उडतात.

मजकुरात हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढं हवंच. "परदेशात" असं मोघम लिहू नका, जाफना लिहा, काँगो लिहा. आईचं नावही घाला. मजकूर कोरण्याआधी कागदावर लिहून घरच्या तिघांकडून वाचून घ्या, दगडावरची चूक खोडता येत नाही. पाटीची भाषा आणि लिपी घर ठरवेल, त्यावरून गावात वाद घालू नका.

घरी मिळालेला तिरंगा कसा ठेवावा?

ध्वजसंहितेप्रमाणे शवपेटीवर तिरंगा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि तो चितेत जाळत नाहीत, कबरीत सोडत नाहीत. म्हणूनच तो घरच्यांच्या हातात येतो. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी घाला की अशोकचक्र वर राहील. गोव्याच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी येईल. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवा आणि पावसाळा संपला की सावलीत वारा द्या.

ती मोहीमच चुकीची होती असं लोक म्हणतात. मग गौरव कशाचा करायचा?

श्रीलंकेत सैन्य पाठवावं की नाही यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. सैन्य परतलं तेव्हा मद्रासच्या बंदरात स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. पण चोवीस वर्षांच्या नाईकाला कोणी विचारलं नव्हतं की करार मान्य आहे का. त्याला हुकूम झाला, तो गेला, साथीदाराला सोडून पळाला नाही. सरकारच्या निर्णयावर हवी तेवढी चर्चा करा, पण त्याच्या फोटोसमोर आणि त्याच्या आईच्या अंगणात करू नका.

शाळेत मुलांना काय सांगावं?

हा या गावचा होता, याच बाकांवर बसत होता, हे आधी. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याचं नाव काढून दाखवा. मग जगाचा नकाशा. रक्ताचे फोटो, व्हिडिओ अजिबात नकोत.

संयुक्त राष्ट्रांकडून काही सन्मान मिळतो का?

मिळतो. शांतिसैनिकांचा दिवस २९ मे. ज्यांना मोहिमेवर मरण आलं त्यांच्या घरच्यांसाठी डाग हॅमरशोल्ड पदक आहे, स्फटिकाचं, अंडाकृती, त्यावर नाव आणि तारीख कोरलेली. हॅमरशोल्ड हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. १९६१ च्या सप्टेंबरात काँगोच्या वाटाघाटींसाठी जाताना विमान कोसळून तेही गेले. हे पदक मिळालं नसेल तर पलटणीमार्फत विचारा.

निधी गोळा करावा का?

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जरूर द्या, तो १९४९ पासून चालू आहे. एखाद्या कुटुंबाच्या नावाने गावात पावतीपुस्तक फिरवायचं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय नको. बहुतेक जण नको म्हणतात, आणि त्यांचा मान राखा.

त्याचं लग्न ठरलं होतं. ती बाई आता दुसऱ्या गावात नांदते. तिला कळवावं का?

हा प्रश्न आम्हाला वाटला होता त्यापेक्षा जास्त वेळा येतो. तिच्या दुःखाची कुठेच नोंद नाही. ती वीरपत्नी नव्हे, तिला पेन्शन नाही, फोटोसमोर तिला कोणी खुर्ची दिली नाही. तरी तुम्ही तिच्या घरी थेट आमंत्रण पाठवू नका, तिचा संसार आहे. तिच्या माहेरच्या एखाद्या जाणत्या बाईमार्फत फक्त तारीख आणि वेळ कानावर घाला. आली तर नाव पुकारू नका, भाषणात उल्लेख करू नका, आईच्या शेजारी बसायला जागा ठेवा. नाही आली तर पुन्हा कळवू नका.

तुम्ही आमच्या गावात येऊन मदत कराल का?

नक्की येऊ. येण्याआधी आर्मी नंबर, पलटण आणि तारीख यांतलं जे सापडेल ते काढून ठेवा. एकही सापडलं नाही तरी बोलवा, ट्रंक उघडायला आम्हीही बसू. रविवारी सकाळी बरं पडतं, कारण तेव्हा घरची मोठी माणसं निवांत असतात. चहापाण्याची खटपट करू नका, पण आईने आग्रह केला तर आम्ही नाही म्हणणार नाही.